आठ दिवसांचं मरण

नांदेड, १४ जुलै २०२४

आदरणीय दयानंदमामा,

मी शिवशंकर. लोह्याच्या सिंधुबाईंचा, म्हणजे तुमच्या चुलत बहिणीचा मुलगा. तुम्ही मला शेवटचं पाहिलं तेव्हा मी बहुधा चौथीत होतो, म्हणून ओळख देतो आहे. मागच्या आठवड्यात लातूरला कॉलेजात तुमचं व्याख्यान झालं तेव्हा मी शेवटच्या रांगेत होतो. तुम्ही म्हणालात, ज्याला जाहिरातीच्या क्षेत्रात यायचं आहे त्याने मेल पाठवू नये, हाताने पत्र लिहावं; मेल आमच्याकडे कुणीही वाचतं, पत्र मी स्वतः वाचतो आणि स्वतः उत्तर देतो. म्हणून हे पत्र. बऱ्याचदा उतरवून काढलं आहे, तरी काही चुकलं असल्यास क्षमा असावी.

माझं शिक्षण कमी आहे. बारावीला फिजिक्स राहिलं, नंतर बसलोच नाही. जुन्या मोंढ्याजवळच्या एका छापखान्यात लग्नपत्रिका तपासायचं काम करतो. एका पत्रिकेत साठ-सत्तर नावं असतात आणि एक जरी सुटलं तरी ते घर लग्नाला येत नाही. त्यामुळे पत्रिका मशीनवर गेली तरी मी नावं मोजत उभा राहतो. पण मला याहून मोठं काही लिहायचं आहे. तुमच्या कंपनीत कोणतंही काम चालेल.

आई म्हणाली, लिहू नकोस, दयाला आपली आठवण नसणार. मी तिला न सांगता लिहितो आहे. उत्तराची वाट पाहतो.

तुमचा भाचा,
शिवशंकर

---

मुंबई, २ ऑगस्ट २०२४

शिवा,

अक्षर चांगलं आहे. त्यापलीकडे पत्रात काही नाही. सुरुवातीला तू क्षमा मागतोस आणि शेवटी वाट पाहतोस. असल्या माणसाकडून कुणी मीठसुद्धा विकत घेत नाही.

साठ-सत्तर नावांचं लिहिलंस ते वाचून हसू आलं. आपल्याकडचा आजारच तो. काही सोडवत नाही. लातूरला स्टेशनपासून कॉलेजपर्यंत मी फ्लेक्स बघत आलो. एका वाढदिवसाच्या बोर्डावर मधे गॉगलवाला आणि भोवती बेचाळीस शुभेच्छुक. मी गाडी थांबवून मोजले. त्यातला एक चेहरा मला आज आठवत नाही. तिथून निघून आलो ते बरं झालं, एवढंच आठवतं.

मी सुरुवात कुठून केली ठाऊक आहे? उदगीर-देगलूर रस्त्यावरच्या भिंतींवर पिवळ्या रंगात खताचं नाव लिहिण्यापासून. नाव, भाव, दुकानाचा पत्ता, मालकाचा फोन, सगळं एका भिंतीवर. मुंबईत आलो तेव्हा पहिल्या साहेबाने माझा कागद घेतला, त्यातल्या नऊ ओळी खोडल्या आणि एक ठेवली. त्या दिवसापासून मी दुसरं काही केलेलं नाही. काढून टाकत आलो. साबणाची एक फिल्म केली, त्यात साबण दिसतच नाही. तिला परदेशात बक्षीस मिळालं आणि मी क्रिएटिव्ह डायरेक्टर झालो. जाहिरात सांगत नसते शिवा, ती लोकांच्या मनात एक जागा रिकामी करून ठेवते. ती जागा लोक स्वतःच्या पैशाने भरतात.

आता कामाचं. लातूरच्या एका मिलची तूरडाळ ब्रँड होते आहे. नाव 'सोनमाय'. मला एक चेहरा हवा आहे. पन्नाशीची, तुमच्याकडची बाई, जिने आयुष्यभर वरण शिजवलं आहे. नटी नको, नटवलेली तर नकोच. शोधून दाखव. मग बोलू.

दयानंद

---

नांदेड, १९ ऑगस्ट २०२४

आदरणीय मामा,

तुमचं पत्र अनेकदा वाचलं. या पत्रात क्षमा मागितलेली नाही.

हदगावच्या बाजारात, लोह्याला, देगलूरला जाऊन बऱ्याच बायकांना विचारलं. कुणी हसल्या, दोघींच्या नवऱ्यांनी मला हाकललं. शेवटी लक्षात आलं की असा चेहरा आमच्याच घरात आहे. आई लोह्याला मेस चालवते. बँकेतले, तहसीलमधले, बदलीवर आलेले मास्तर, सगळे तिच्याकडे जेवतात. बदली झालेला माणूस वर्षभराने लोह्यावरून जात असला तर बसमधून उतरून वरण-भात खाऊन पुढे जातो. सोबत फोटो जोडला आहे.

तिला तुमच्याबद्दल सगळं सांगितलं. साबण न दाखवलेल्या साबणाच्या फिल्मचंही सांगितलं. तिने एकच विचारलं, मग तो साबण खपला का?

ती तयार झाली ती तुमच्यासाठी. म्हणाली, दया इतक्या वर्षांनी काही मागतो आहे, नाही कसं म्हणायचं. तिच्या अटी दोनच आहेत: फोटो रंगीत हवा आणि अंगावर तिची मोरपिशी साडी हवी.

शिवशंकर

---

लातूर, २७ सप्टेंबर २०२४

शिवा,

हॉटेलातून लिहितो आहे. शूटिंग झालं. तुला छापखान्यातून सुटी मिळाली नाही ते बरंच झालं, नाहीतर तूही मधे लुडबुडला असतास.

अक्का मोरपिशी साडी, नथ, गजरा, सगळं लेवून आली. कॅमेऱ्यासमोर बसली ती वरमाईसारखी. अर्धा दिवस गेला. शेवटी मी सगळ्यांना जेवायला पाठवलं, तिला साधं लुगडं नेसायला लावलं आणि खिडकीजवळ बसवलं. दमली होती. बाहेर बघत राहिली. तोच फोटो.

छोटी प्रत पाठवतो आहे. कृष्णधवल केलं. मागचं सगळं काढलं. चेहरा, खाली नाव आणि एक ओळ:

सिंधुबाई.
चव मागे राहते.

बस. लातूर-नांदेड दोन्ही जिल्ह्यांत, प्रत्येक तालुक्याच्या स्टँडवर. पहिले आठ दिवस डाळ नाही, पाकीट नाही, मिलचं नाव नाही. लोकांनी विचारत राहायचं, कोण ही? नवव्या दिवशी पाकीट येईल. मोहिमेचा सगळा जीव त्या आठ दिवसांत आहे, त्यामुळे तोपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. अक्काला आणि भाऊजींनाही तारीख सांगायची नाही. बायका विहिरीवर बोलतात. मिलवाल्यानेही तशी सही केली आहे. हे पाळलंस तर जानेवारीत तुला मुंबईला घेतो. पगारी, शिकाऊ म्हणून नव्हे.

दयानंद

---

नांदेड, ३ ऑक्टोबर २०२४

आदरणीय मामा,

प्रत मिळाली. आईला मी जन्मापासून पाहतो, पण असं कधी पाहिलेलं नव्हतं. त्यानंतर टेबलावरच्या पत्रिकांकडे बघवेना.

एकच शंका आहे, ती मूर्खपणाची वाटली तर सोडून द्यावी. फोटोत आईच्या कपाळावर कुंकू दिसत नाही. छपाईत राहिलं आहे का?

तारखेबद्दल कुणाला काही बोलणार नाही. जानेवारीसाठी दोन नवे शर्ट शिवायला टाकले आहेत.

शिवशंकर

---

मुंबई, ९ ऑक्टोबर २०२४

शिवा,

राहिलेलं नाही, मी काढायला लावलं. कपाळ मोकळं असलं की नजर सरळ डोळ्यांवर जाते. तू अजून पत्रिकाच तपासतो आहेस.

दयानंद

---

लोहा, २१ ऑक्टोबर २०२४

मामा,

बोर्ड ताबडतोब उतरवा. फोन केला की तुमच्या ऑफिसातल्या स्वप्नाली मॅडम सांगतात, सर मोहिमेच्या काळात फोन घेत नाहीत. म्हणून हे स्पीड पोस्टने.

पहिल्या दिवशी नांदेडच्या स्टँडवर मी बोर्ड पाहिला आणि मला अभिमान वाटला. तिथे एक म्हातारा टोपी काढून उभा होता. मला वाटलं ऊन लागत असेल. छापखान्यात गेलो तर मालक मलप्पाशेठ उठून उभे राहिले. मला पाहून ते कधी उठत नाहीत. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कधी झालं रे? सांगितलं न्हाईस." मी विचारलं, काय? ते म्हणाले, "अरे काळा-पांढरा फोटो, रिकामं कपाळ, खाली नाव, अन् 'मागे राहते'. अजून काय लिहायचं राहिलं?"

मामा, आपल्याकडे माणूस गेला तरच असा बोर्ड लागतो. जित्या माणसाचा बोर्ड रंगीत असतो, गच्च भरलेला असतो. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं मी धरून चालतो. मला ठाऊक होतं आणि तरी दिसलं नाही, कारण मी तुमच्या डोळ्यांनी बघायला शिकलो होतो. मलप्पाशेठना मी एवढंच म्हणालो की मला आत्ता बोलता येत नाही. तुम्हाला दिलेला शब्द आठवला. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी मला सुटी दिली.

लोह्याला पोचलो तर मेसवर जेवणारे रांगेत उभे होते, आणि आई त्यांना हात जोडून सांगत होती की बाबांनो, मी ही इथं हाय. तहसीलमधला एकजण तिलाच विचारत होता, तुम्ही त्यांच्या भगिनी का?

दुपारी देगलूरकडून जीप आली. नरसिंगमामा. तुम्हाला माहीत आहे, त्यांच्या मुलीच्या, ऋतुजाच्या लग्नात मानाची साडी दिली नाही म्हणून आई जेवणाच्या पंगतीतून उठून आली होती, आणि तेव्हापासून बहीण-भावाचं बोलणं बंद होतं. मामा गल्लीच्या तोंडापासून हंबरडा फोडत आले. आई पिठाच्या हातांनी दारात आली.

"कोण मेलंय रे नरश्या?"

मामा म्हणाले, "तूच की, अक्का."

आणि ते तिथेच धुळीत बसले. मामींच्या हातात पिशवी होती. आईने विचारलं, हे काय आणलंस? मामी खाली बघून म्हणाल्या, "माहेरचं हाय, वन्सं." आईने पिशवी उघडली. हिरवी साडी होती. सवाष्ण मेली की तिच्या अंगावर माहेरची साडी घालून नेतात, ती. आईने ती उलगडून काठ पाहिला. मग म्हणाली, "ऋतुजाच्या लग्नात मला साडी न्हाई जमली, अन् आज जमली?"

मामा लहान पोरासारखे रडले. आईही रडली. मग तिने त्या अख्ख्या जीपला जेवू घातलं. सुतकाला आलेली माणसं मेलेलीच्या हातचं वरण खात होती, आणि कुणाला हसावं की रडावं कळेना.

इथवर मी तुम्हाला विनोद म्हणूनही सांगितलं असतं. पण दुसऱ्या दिवशी आई हट्टाने स्टँडवर गेली, बोर्ड पाहायला. कुणीतरी त्याला झेंडूचा हार घातला होता. ती बोर्डाजवळ गेली. म्हणाली, "माझं कुंकू कुणी पुसलं? तुझा बाप जिता हाय." माझे वडील शेजारीच उभे होते. ते घरी येऊन आडवे झाले. एसटी डेपोत जन्म काढलेला माणूस, कधी आडवा झालेला मी पाहिला नव्हता.

आईने मला विचारलं, तुला आधीपासून ठाऊक होतं का? मी हो म्हणालो. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. तुमचे आठ दिवस भरायला अजून तीन दिवस आहेत. तोपर्यंत थांबू नका.

शिवशंकर

---

मुंबई, १२ नोव्हेंबर २०२४

शिवा,

तुझं पत्र आलं तेव्हा पाकीट बाहेर पडलं होतं, त्यामुळे उतरवण्याचा प्रश्नच नव्हता.

शांत हो आणि काय झालं ते बघ. माझ्या सबंध कारकिर्दीत असं घडलेलं नाही. बोर्डांना हार. मुखेडला कुणी अगरबत्ती लावली. लोकांनी व्हिडिओ काढले. नवव्या दिवशी पाकीट आलं आणि दिवाळीच्या आत मिलचा माल संपला. एका डाळीसाठी दोन जिल्हे रडले. हे पैशाने करून दाखव कुणी.

तू लिहितोस, आपल्याकडे असा बोर्ड मेल्यावरच लागतो. मग समज की मला ते ठाऊक होतं. यापुढे सगळ्यांनी तसंच समजायचं आहे. आम्ही हे काम फेब्रुवारीत गोव्याच्या पुरस्कारांसाठी पाठवतो आहोत. परीक्षकांना एकच भीती असते, की घरच्यांना अंधारात ठेवलं. म्हणून तुझं एक पत्र हवं. हाताने लिहिलेलं. सगळ्या कुटुंबाला आधीपासून कल्पना होती आणि आईच्या चेहऱ्यावर लोकांनी केलेलं प्रेम पाहून तुम्ही भारावलात, एवढं पुरे. थोड्या शुद्धलेखनाच्या चुका राहू दे, गावाकडचं वाटलं पाहिजे.

पत्र पोचलं की जानेवारीची तुझी जागा पक्की. अक्काला विमानाने गोव्याला नेऊ. मंचावर ती जिवंत चालत आली की काय होईल, कल्पना कर.

दयानंद

---

लोहा, २० नोव्हेंबर २०२४

दयानंदमामा,

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलली. म्हणाली, "जितेपणी कधी घरी बोलावलं न्हाई. मारून झाल्यावर इमानात बसवतोय."

मग नरसिंगमामांनी एक गोष्ट सांगितली, जी मला ठाऊक नव्हती. देगलूरच्या स्टँडवर बोर्ड पाहिल्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. आमच्या घरी फोन करायची त्यांना लाज वाटली, एवढ्या वर्षांचं भांडण होतं. म्हणून त्यांनी तुम्हाला केला. मोहिमेच्या काळात फोन न घेणाऱ्या तुम्ही तो घेतलात. ते म्हणाले, दया, आपली अक्का खरंच गेली का रे? आणि तुम्ही म्हणालात, "दादा, मी आत्ता काही बोलू शकत नाही." आणि फोन ठेवलात. मामांना वाटलं, तुमचा गळा दाटून आला आहे. तिथून ते सरळ कापडाच्या दुकानात गेले.

तेच वाक्य मीही मलप्पाशेठना म्हणालो होतो, हे मला ठाऊक आहे. पण माझ्यासमोर कुणी भाऊ आपल्या बहिणीसाठी रडत नव्हता. ती जिवंत आहे हे सांगायला तुम्हाला दोन शब्द लागले असते. कमी शब्दांची तर तुमची ख्याती आहे.

तुम्ही गाडी थांबवून बेचाळीस शुभेच्छुक मोजलेत आणि हसलात. त्या बेचाळीस जणांपैकी प्रत्येकाला विचारलेलं असतं, मामा. फोटो कुठला, रांग कुठली, यावरून भांडून ते तिथे बसलेले असतात. तुमच्या बोर्डावर एकच बाई होती, आणि फोटो कुठला लावायचा हे तिलाच विचारलं नव्हतं. तुमचं सगळं तत्त्वज्ञान मी आता असं समजतो की जे तुम्हाला सांभाळता येत नाही, ते तुम्ही काढून टाकता. आधी गाव, मग माणसं, मग कुंकू. राहिलेल्याला तुम्ही चव म्हणता.

आणि तुम्हाला ठाऊक होतं, असं मी लिहायचं? ठाऊक नव्हतं ही चूक होती. चुकीसाठी मी तुमच्यावर रागावलो असतो आणि विसरलो असतो. ठाऊक होतं असं तुम्हीच आता ठरवता आहात, बक्षिसासाठी.

तुम्हाला हवं ते पत्र मी लिहिणार नाही. हे लिहिलं आहे. यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

शिवशंकर

---

मुंबई, २४ फेब्रुवारी २०२५

शिवा,

सुवर्णपदक.

तुला आधी सांगितलं नाही, कारण तू नाही म्हणाला असतास. तुझी ऑक्टोबरची आणि नोव्हेंबरची पत्रं मी मोठ्या पडद्यावर लावली. आईचं कुंकू, नरसिंगदादाची साडी, माझ्यावरचा राग, सगळं. फोनचा आणि बक्षिसाचा मजकूर तेवढा काढला, लांबण होत होती, आणि कुणाला त्रास नको म्हणून तुझं नावही. हॉलने शेवटपर्यंत वाचलं. मग सगळे उठून उभे राहिले. माझ्या पाठीवर थाप मारत एक परीक्षक म्हणाले, असं लिहिणारा पोरगा कुठून आणलात?

तोच प्रश्न मी तुला विचारतो आहे. पत्रिका तपासत कशाला बसला आहेस? एप्रिलपासून ये. पगार तू सांगशील तो. राहायची सोय माझ्याकडे. पहिलं काम विमा कंपनीचं आहे. त्यांना अक्काचाच चेहरा हवा आहे, लोकांच्या डोक्यात तो बसला आहे. तिला मात्र तू समजव. माझा फोन ती घेत नाही.

दयानंद

---

लोहा, ५ मार्च २०२५

दयानंदमामा,

पत्र मिळालं. आईला विम्याचं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "एकदा मारली, आता त्याचे पैसे बी तोच उचलतो म्हणावं का?" मेसवर जेवणारे सगळे हसले. आईही हसली.

मला यायचं होतं, हे खोटं नाही. तुमचं पहिलं पत्र मी इतक्या वेळा वाचलं होतं की पाठ झालं होतं, आणि परीक्षकांनी माझ्याबद्दल विचारलं हे वाचून अजूनही छातीत काहीतरी हललं. ते खाली बसेपर्यंत थांबलो, म्हणून उत्तराला उशीर झाला.

मी येत नाही. तुमच्याकडे आलो तर मला चांगलं लिहिता येईल, पण कुणाबद्दल ते तुम्ही ठरवाल. मलप्पाशेठनी पगार वाढवलेला नाही. मी मागितलाही नाही.

यापुढे मला हाताने किंवा कशानेही लिहू नये. आईला काही सांगायचं असेल तर लोह्याला या. ती बारा ते तीन वाढते, त्या वेळात आलात तर बोलायला उसंत नसेल, पण पाट मांडील. कॅमेरा आणू नका.

हेही पत्र कुठे दाखवायचं झालं तर पूर्ण दाखवा, खालच्या नावासकट.

शिवशंकर शेषेराव पवळे
मुक्काम पोस्ट लोहा, जिल्हा नांदेड